अण्णांनी घेतलेली नान-खलियाची शिकवणी

रविवारी आमच्या जुन्या शहरातल्या शहागंजच्या बाजारात गेलो होतो... तेव्हापासून हे सगळ्यांना सांगायचंय, आज निवांत वेळ मिळाला.

माझी मैत्रीण प्राजक्ता नाशिकहून आली होती. वेरूळ-अजिंठा तिचं कधीच बघून झालंय. यावेळी तिला जुनं शहर फिरायचं होतं, खरेदी करायची होती आणि नान-खलिया खायचा होता. मी म्हटलं, त्यासाठी गाईड आमच्या घरातच आहे... माझे वडील, अण्णा.

अण्णा मूळचे पिशोरचे. पण त्यांचं बियाण्यांचं दुकान शहागंजात होतं, उभी हयात तिथंच गेली. बांगड्या कुठल्या गल्लीत चांगल्या आणि कुठला हॉटेलवाला नुसत्या तर्रीवर गिऱ्हाईक गुंडाळतो, सगळं तोंडपाठ. खाण्याच्या बाबतीत तर इतके चोखंदळ, की लग्नाच्या पंगतीतून आचाऱ्याला बोलावणं जायचं.

जायचं म्हणते, कारण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजवा हात थरथरतो. घास तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडतो.

डाव्या हातानं चारचौघांत जेवणं त्यांना पटत नाही आणि कुणी भरवलेलं तर मुळीच चालत नाही. म्हणून ते आतल्या खोलीत दार लोटून एकटेच जेवतात. आमच्यासोबतसुद्धा बसत नाहीत... आणि आई मग ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास खाऊन घेते.

बाहेर कुठं गेलो की "आज उपास आहे" हे ठरलेलं. वर्षभरात इतके उपास झालेत, की एव्हाना एखादा देव यायला हवा होता खाली, वर द्यायला.

तर रविवारी पाहुणी आहे म्हटल्यावर अण्णा तयार झाले. घड्याळाचा मनोरा दाखवला, बांगड्यांच्या गल्लीतून फिरवलं, अत्तराच्या दुकानात प्राजक्ताच्या मनगटावर चार वास लावून घेतले. हिमरू शालीच्या दुकानात तर मालकापेक्षा हेच जास्त बोलत होते. मला बघूनच बरं वाटत होतं.

तेवढ्यात त्यांचे जुने शेजारी हाशमचाचा भेटले. अण्णांच्या दुकानाला लागूनच त्यांचं मसाल्याचं दुकान. "क्या सेठ, हमकू भूलेच गए!" म्हणत त्यांनी भर रस्त्यात मिठी मारली, दुकान पुतण्यावर सोपवलं आणि आम्हाला नान-खलियाच्या हॉटेलात घेऊन गेले.

हॉटेलात शिरताच अण्णांचा चेहरा उतरला. कोपऱ्यातली खुर्ची, दोन्ही हात टेबलाखाली. "तुम्ही खा, मला आज उपास आहे." चाचांना काही माहीत नव्हतं... आता ते आग्रह करणार आणि अण्णा उठून जाणार, असं मला वाटलं.

पण चाचांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा टेबलाखाली गेलेल्या हातांकडे, आणि वेटरला म्हणाले, "अलग-अलग प्लेटां नक्को. एकच बडा थाल ला." त्यांच्याकडे दावतीत असंच, एका थाळ्याभोवती बसून जेवतात. अण्णा आणि ते दुपारचा डबाही वर्षानुवर्षं तसाच खायचे.

थाळा आला. मधे मटणाचा खलिया, वर लाल तर्री, बाजूला गरम नान. चाचा आणि मी सुरू झालो... अण्णा भिंतीकडं बघत बसले.

आणि आमच्या प्राजक्ताबाईंनी नानचा एवढासा तुकडा तोडला, त्याचं टोक खलियात हळूच टेकवलं आणि बिस्किट खावं तसं कुरतडायला लागल्या. टिश्यूनं ओठ टिपून म्हणतात कशा, "छान आहे, पण नान जरा कोरडा आहे ना?"

कोरडा! शहागंजात बसून!

अण्णा ताडकन पुढे सरकले. "अगं पोरी, असं नाय खात! चहा पितीस का काय? नान बुडवावा लागतो. लई दाबून बुडवायचा, तर्री पिऊ द्यायची त्याला. हे बघ!"

उजवा हात सरळ थाळ्यात गेला. त्यांनी नान तोडला, खलियात दाबला, कुस्करला, मटणाचा तुकडा त्यात घेतला आणि घास उचलला. हात थरथरला, तर्री शर्टावर सांडली. पण अण्णांचं सगळं लक्ष प्राजक्ताकडे होतं. "कळलं का?" म्हणाले... आणि घास तोंडात!

चाचांनी फक्त थाळा थोडासा अण्णांच्या बाजूला सरकवला.

शिकवणी काही एका घासावर थांबली नाही. प्राजक्ताला जमेपर्यंत अण्णा पुन्हा पुन्हा करून दाखवत राहिले, आणि दाखवलेला घास टाकून थोडाच देतात? थाळ्यात निम्मं उरलं असताना त्यांनीच आवाज दिला, "अजून नान आण रे, गरम!" मी पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढं काय विचारता... परतताना गुलमंडीच्या बाजारात गर्दीत उभं राहून इमरती. हातावर पाक, मिशीला पाक, आणि माणूस राजासारखा!

घरी आल्यावर आईनं शर्ट पाहिला आणि घाबरून विचारलं, "अहो, हे कुणी सांडलं?"

"मीच. जेवल्यावर सांडणारच की."

आईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली. रात्री तिनं बाहेरच्या खोलीत दोन ताटं शेजारी शेजारी वाढली... अण्णा आले आणि बसले.

वर्षभर आम्ही सगळे त्यांना धीर देत होतो. त्यांना हवी होती ती चुकीचं खाणारी एक पोरगी, आणि सगळं ओळखून गप्प राहणारा एक दोस्त. प्राजक्ता, तुला अजूनही नान नीट खाता येत नाही... देवा, तिला कधी येऊही नये!