चिखलाचे मोजे

सकाळी पावणेसातला आमच्या ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, दूध गॅसवर होतं, आणि दार वाजलं.

"मोजेकाका आलेत," मी दार उघडून आत सांगितलं.

"माझा घेऊन आलेत का?" आतून आवाज.

शेजारच्या काकांना सगळी गल्ली मोजेकाका म्हणते. गल्लीच्या टोकाला खाजण आहे. भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा तिथल्या गवतात शिरतं आणि ओहोटीला निघून जातं. काका तिथला चिखल मोजतात, आणि घरी येतात तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाचेच मोजे चढलेले असतात. नाव दोन्हीकडून बसलं.

ते मोजणी खात्यात होते. खाजणात कायमचे रोवलेले दोन खुंट आहेत. त्यांवर एक पट्टी आडवी ठेवायची, तिच्या भोकांतून नऊ बारीक सळया चिखलाला टेकेपर्यंत सोडायच्या, आणि प्रत्येक सळई पट्टीच्या वर किती उरली ते लिहायचं. जास्त उरली की चिखल वाढला. पाण्यानं आणलेला गाळ गवत धरून ठेवतं, मुळं त्यात भर घालतात, आणि जमीन बसल्या जागी वर्षाला तीनेक मिलिमीटर उंच होते. समुद्रही उंच होतोय.

"शर्यत आहे," काका एकदा म्हणाले होते, "पण पळताना कोणी दिसत नाही."

खाजण मागे पडलं तर गवत बुडून मरेल, आणि आज तिथे अडणारं उधाणाचं पाणी थेट तुमच्या ओट्यापाशी येईल, हेही त्यांनी त्याच ओट्याकडे बघत, चहा पिता पिता सांगितलं होतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. खातं म्हणालं, यंत्र येणार आहे. यंत्र आलं नाही, म्हणून काका जातात. वर्षातून दोनदा, ठरल्या तारखेला. एकोणीस वर्षांत एक खाडा नाही. पाचव्या सळईखाली कधीकधी बीळ निघतं. तिथे आकड्याऐवजी 'खेकडा घरी' असं लिहिलेलं मी वहीत स्वतः वाचलंय.

"बसा ना, काका."

"नको. साडेआठला पाणी परत येईल."

बसले असते तर उठवायला आम्ही दोघं लागलो असतो. गुडघ्यांनी महिन्यापूर्वीच संप पुकारला होता.

मागोमाग काकू आल्या. "विचार यांना, चिखल किती वाढला. पाठ आहे. पोरगी किती वाढली ते मला विचारायचे."

"मग तू चल," काका म्हणाले.

"वीस वर्षं धुतलाय तो चिखल. आता दर्शनालाही जाऊ?"

एव्हाना हे एकाच पायात मोजा घालून दारात येऊन उभे राहिले होते. मी गॅस बंद केला.

"आजचा दिवस चुकला तर नोंदींत मधेच भोक पडेल," काका मला म्हणाले. "उद्या यंत्र आलं तरी त्याला मागचं मोजता येणार नाही."

"मग मी काय करू?"

काकांनी एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"सळई टेकली की रुतली, ते अगदी खाली वाकून बघावं लागतं. तू फक्त वाक. आकडा मी वाचतो."