लाल पेनातला शेरा

निळ्या पेनातली शाई संपली होती म्हणून मी लाल पेन घेतलं, असं मी अजूनही सांगतो. निळं पेन खिशातच होतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यात पाळी बदलताना एक वही हातोहात जाते. आपण काय केलं ते पुढच्यांसाठी त्यात लिहायचं. माझ्या पाळीतल्या जुन्या सोबत्यानं वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला, पण लिहायचं राहिलं. पुढच्या पाळीची उगाच धावपळ झाली. मी नुकताच पाळीप्रमुख झालेलो. सहकाऱ्याला चूक कशी सांगावी याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही घेतलेलं. त्यातली बिस्किटं तेवढी नीट लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'नोंद नाही. हलगर्जीपणा टाळावा.' खाली दोन रेघा. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, एवढंच.

तिन्ही पाळ्यांनी ते वाचलं.

पोलादपूरहून सुटणाऱ्या आमच्या बसमध्ये हाच सोबती बारा वर्षं डब्याची पिशवी ठेवून माझी जागा धरायचा. शेऱ्यानंतरच्या सकाळी चढलो, तर पिशवी होती. हायसं वाटलं. बसायला गेलो.

"कोन तरी येतंय, साहेब."

बारा वर्षं मी 'भाऊ' होतो. कोणी आलं नाही. पिशवी महाडपर्यंत बसून आली, मी उभ्यानं.

सुट्टीत डबा उघडला. चौथी भाकरी त्याची असायची, बदल्यात त्याच्या घरची सुकटीची चटणी. तो लांबच्या बाकावर, पाठ करून. आजूबाजूला वीस माणसं जेवत होती आणि मला माझंच चावणं ऐकू येत होतं.

चार दिवस भाकरी घरी परत गेली. पाचव्या दिवशी बसमधून उतरल्यावर, आसपास कोणी नाही असं बघून, मी त्याच्या कानाशी म्हणालो, "चुकलं रे माझं."

"नाय साहेब, चूक माझीच हाय. वहीत लिवलीय की." आणि गेला.

घरी बायकोनं डबा उघडला, भाकरी बाहेर काढली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सगळं सांगावंच लागलं.

"त्याची चूक तीन पाळ्यांना वाचायला दिलीत," ती म्हणाली, "आणि तुमची त्याच्या कानात? उद्या तीपण वहीत लिहा. लालच पेनानं. भाकऱ्या चार देतेय, परत आणू नका."