आठ महिन्यांचं माहेरपण

माझ्या अमेरिकन बायकोला मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवलं आणि नागरिकत्वाच्या अर्जावर ते खरंखरं लिहून दिलं. चूक एवढीच.

अमेरिकेला निघताना नागपूर स्टेशनवर आईने भिवापुरी तिखटाची पुरचुंडी हातात दिली होती. म्हणाली, "तिकडं जाऊन जास्त हुशारी नको करू बाबू." तिखट पहिल्याच हिवाळ्यात संपलं. सूचना अजून तशीच पडून आहे, न वापरलेली.

पुढे रूथशी लग्न झालं, ग्रीन कार्ड आलं, आणि त्याच वर्षी बाबा गेले. आई नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत एकटी उरली. तिला इकडे आणायचं तर माझं कार्ड पुरेसं नव्हतं, नागरिकच व्हावं लागे. त्यासाठी इतरांना पाच वर्षं. माझ्यासारख्या, नागरिकाशी लग्न केलेल्याला तीन. अट एकच, तिन्ही वर्षं नवराबायको एका छपराखाली राहिलेले हवेत. मी आईला कळवलं, तीन वर्षं थांब. तिने पत्रात लिहिलं, येईन. ट्रंकही भरून ठेवली.

दुसऱ्या वर्षी रूथला दिवस गेले. आईचं पत्र आलं, "पहिलटकरीण आहे. तिले तिच्या मायजवळ पाठव." रूथ म्हणाली, हॉस्पिटल दोन मैलांवर आहे, मी कशाला जाऊ? मी अर्धा तास तिला आपली रीत समजावली आणि सातव्या महिन्यात आयोवातल्या तिच्या आईच्या शेतावर पोचवून आलो. मुलगी झाली. सव्वा महिना झाला. मग बर्फ पडलं. मग मला एकट्याने शांत झोपायची सवय लागली. असे आठ महिने गेले, शेवटी रूथच मुलीला घेऊन परत आली.

तीन वर्षं भरली. नागरिकत्वाच्या मुलाखतीला रूथ शेजारच्या खुर्चीत होती, मांडीवर मुलगी. अधिकाऱ्याने माझा अर्ज दोनदा वाचला.

"भांडण झालं होतं?"

"नाही. आमच्यात तशी पद्धत आहे."

"भेटायला किती वेळा गेलात?"

"एकदा. बारशाला."

"फोन?"

"दर रविवारी. पण सासूबाई उचलायच्या, म्हणून लवकर ठेवायचो."

रूथ मुलीच्या बुटाची नाडी बांधत राहिली. ती बांधलेलीच होती.

"मग तिला आणायला का नाही गेलात?"

मी म्हटलं, "बर्फ पडलं होतं." त्याने पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं, तुम्ही आता पाच वर्षांच्या रांगेत. म्हणजे आणखी दोन वर्षं.

दोन वर्षं फार नसतात, असं मी आईला लिहिलं. पहिल्या थंडीत तिने ट्रंकेतली शाल काढली, मग लुगडी. मग डोळ्यांत मोतीबिंदू, मग गुडघे. शपथविधीला मी हात वर करून उभा होतो, तर मनात अभिमानबिभिमान काही नाही, फक्त खांदा दुखत होता.

कागद घेऊन नागपूरला आलो. तुमच्यातले जे परदेशी गेले त्यांना हे ठाऊक आहे: गल्लीत पाय ठेवला की लोक 'कधी आला' आणि 'कधी जातो' एकाच दमात विचारतात. तिकडे शेजारी अजून विचारतात, मूळचे कुठले? मला आता दोन्हीकडे परवानगी आहे आणि दोन्हीकडे मी पाहुणा. घर म्हणायला आई होती. तिच्या ट्रंकेत आता तुरीची डाळ होती.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "चल आता."

"माह्यानं नाही होत आता गा," ती म्हणाली. "दोन वर्षं आधी आली असती."

मी दमलो होतो, म्हणून बोलून गेलो, "तूच तर लिहिलं होतंस, रूथला माहेरी पाठव म्हणून."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला, काही दिसलं नाही, परत दिला.

"पाठव म्हटलं होतं. आणू नको म्हटलं होतं का, बह्याडा?"