कोर्टावरचं पाणी

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात माझे वडील इंजिनियर होते. वसाहतीत अधिकाऱ्यांसाठी मुरुमाचं एक टेनिस कोर्ट होतं. अधिकारी संध्याकाळी तासभर खेळत; बाकी वेळ ते कोर्ट माझं आणि मामांचं असे.

मामा म्हणजे कोर्ट राखणारे. तिसगावकडचे, पन्नाशीला टेकलेले. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, हे त्यांचं काम. मला खेळवणं त्यात नव्हतं. साहेबलोकांचं बघून बघून ते शिकले होते. धोतर वर खोचून, अनवाणी, कुणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटनं खेळत आणि बॅकहँडला चेंडू असा कापत की टप्पा पडल्यावर तो वर यायचाच नाही. तो फटका त्यांनी दोन वर्षं माझ्याकडून घोटून घेतला. त्याच्या जोरावर मी मुलींच्या गटात राज्यात दुसरी आले.

त्र्याहत्तर साली मला अठरा पूर्ण झाली आणि मुलींचा गट संपला. आता खेळायचं तर खुल्या गटात, बक्षिसांसाठी गावोगाव हिंडणाऱ्या बायकांशी. वडिलांनी पत्रं लिहून मेअखेरच्या पुण्याच्या स्पर्धेत माझं नाव घालून घेतलं. तिथे चांगली खेळले तर हिवाळ्यात दिल्ली-कलकत्त्याच्या दौऱ्यावर नेऊ, असं एका प्रशिक्षकांनी कळवलं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. वसाहतीच्या नळाला दिवसाआड पाणी येई. मुरूम भिजवला नाही तर त्याचा फुफाटा होतो, चेंडू कसाही उडतो. वडिलांनी खटपट करून कोर्टासाठी रोज बैलगाडीवरून दोन पिंपं पाणी मंजूर करून घेतलं. विहिरीचं, पिण्याजोगं पाणी. मामांची बायको आणि सून तेव्हा गाव सोडून आल्या होत्या आणि सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडत. कोर्टामागच्या पत्र्याच्या खोलीत सगळे राहत. पाण्याची गाडी त्यांच्या दारावरून यायची. मला ते दिसत होतं. मी विचार मात्र केला नाही.

स्पर्धेला दहा दिवस उरले असताना एका सकाळी मागची रेषा कोरडी ठणठणीत होती. मी धावत मागे गेले, पाय घसरला आणि गुडघा फुटला.

"मामा, इथे पाणी का नाही मारलं?"

त्यांनी रॅकेट खाली ठेवली. "दोन हंडे घरात नेले, ताई. नातवाला ताप हाय. अंग पुसायला पानी न्हवतं."

मी तशीच घरी आले, आई गुडघ्याला हळद लावत होती, आणि मी रागारागानं वडिलांना म्हणाले, "कोर्ट नीट भिजत नाही. पाणी दुसरीकडे जातंय."

ताप, नातू, यातलं काहीच मी सांगितलं नाही.

वडिलांनी कोर्ट चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मामांना कामावरून काढलं आणि खोली रिकामी करायला सांगितलं. वडील जेवताना म्हणाले, "इतकं होईल असं वाटलं नव्हतं मला." तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी शब्द टाकला असता, ते कठोर नव्हते. पण चर्चा सुरू झाली असती, पाण्याचा प्रश्न निघाला असता आणि कोर्ट बंद झालं असतं. मी भाकरी मोडत राहिले.

जाताना मामा आमच्या फाटकाशी आले. डोक्यावर वळकटी होती.

"कुनी चुगली केली काय म्हाईत," ते म्हणाले. "जाऊ द्या. तुमी पुण्यात लई घाई करू नका. चेंडू अंगाजवळ येऊ द्या, मगच कापा."

"हो," मी म्हणाले. एवढंच.

पुण्यात पहिला सामना कसाबसा जिंकला. दुसऱ्यात समोर तिशीतली एक बाई होती, दोन मुलांची आई. मुलींच्या गटात मी कापलेल्या चेंडूवर पोरी गोंधळून जायच्या. ही बाई दोन पावलं पुढे येऊन तो शांतपणे परत पाठवायची आणि माझ्या दुसऱ्या फटक्याची वाट बघायची. माझ्याकडे दुसरा फटका नव्हता. तास व्हायच्या आत मी हरले. जाळीशी हात मिळवताना ती कौतुकानं म्हणाली, "बॅकहँड छान आहे गं. कुणी शिकवला?"

"वडिलांनी," मी म्हणाले.

का म्हणाले, कुणास ठाऊक. वडील चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

हरले तरी त्या हिवाळ्यात प्रशिक्षकांनी मला दौऱ्यावर नेलं खरं. चार शहरांत खेळले, चारही ठिकाणी लवकर हरले. पुढच्या वर्षी मी बँकेची परीक्षा दिली. हरण्याचं दुःख केव्हाच विरलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाथर्डीला काम निघालं, तेव्हा वाटेत तिसगावला उतरून विचारत विचारत मी मामांच्या वस्तीवर गेले. मामा मुलाबरोबर ऊसतोडीला गेले होते. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं, घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. नातू दारात शेळीशी खेळत होता.

"येत्याल आता चैताला," ती म्हणाली. "काही काम हुतं का, ताई?"

सगळं सांगायचं ठरवूनच मी आले होते. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती.

"नाही," मी म्हणाले. "इकडून चालले होते, म्हणून सहज डोकावले."