पाठमोऱ्या मावशी

सेटवर सगळे त्यांना मावशीच म्हणत. पासष्टीच्या मावशींनी तीस वर्षं पडद्यावर फक्त आयाच केल्या होत्या. पोराची वाट बघायची, खोकायचं, दाराला धरून रडायचं. एका हीरोच्या आई झाल्या, तेव्हा तो त्यांच्याहून चांगला दोन वर्षांनी मोठा होता. त्यात मावशींखेरीज कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि आता नव्या मालिकेत त्या चक्क जहाजाच्या कप्तान! तीही मुख्य भूमिका! बातमी कळल्यावर मावशींनी घरभर येरझाऱ्या घातल्या, सुनेला मिठी मारली आणि हुकूम सोडायची तालीम तिच्यावरच सुरू केली. "आई, मला कशाला? खलाशांना दटावा ना!" सून हसून हसून बेजार.

पहिल्याच दिवशी मात्र घोटाळा झाला. प्रसंग साधा होता. वादळ उठलंय आणि तरुण अधिकारी जहाज मागे वळवा म्हणतोय. तो बोलायला लागला की मावशी हळूच वळत आणि कॅमेऱ्याकडे पाठ करत. दोनदा तसंच झालं. पाठ आईची, चेहरा हीरोचा, हे तीस वर्षांत अंगात मुरलेलं.

दिग्दर्शिका वयाने त्यांच्या लेकीएवढी. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, निर्माते आधीच कुरकुरतायत. त्यांना चाळिशीची बाई हवी होती, केस पांढरे रंगवून. आज हे जमलं नाही, तर मला त्यांना अडवता नाही येणार."

मावशींना संताप आला. केस रंगवून? म्हणजे हे खरे पिकलेले फुकटच गेले की!

तिसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला. तरुण नट बोलता बोलता सवयीने पुढे सरकला आणि नेमका मावशींच्या उजेडात आला. मावशींचे पाय वळायला निघाले होते. त्यांनी ते तिथेच रोवले, त्याचा खांदा धरला आणि त्याला सरळ बाजूला केलं.

"समोरून बाजूला हो. मला समुद्र बघू दे."

हे वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. नट गडबडून म्हणाला, "हो, कप्तान."

मावशी समोर बघत राहिल्या. अख्खा चेहरा, सुरकुत्यांसकट, कॅमेऱ्यापुढे.

"कट! जमलं, मावशी! हेच ठेवायचं!" दिग्दर्शिका उड्याच मारायला लागली. कामगार दिवे मालवू लागले.

"थांबा रे जरा," मावशी म्हणाल्या. "मला अजून थोडं उजेडात उभं राहू द्या."