पाठमोरा उस्ताद

म्हसावदच्या दोधू उस्तादाने आयुष्यात दोनच गोष्टींना जीव लावला, एक नाच आणि दुसरी बैठकीतली आपली जागा. लेकीचा, जमनाबाईचा नंबर त्यानंतर लागायचा आणि ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

बैठक म्हणजे गावोगावी सोंगं नि नाच शिकवणाऱ्या उस्तादांची. मार्गशीर्षात कापूस घरात आला की सगळे गोमाईच्या काठी चिंचेखाली जमत. मोलगीकडच्या डोंगरातूनही काहीजण पायी उतरत. एकमेकांना नव्या चाली द्यायच्या, भांडणं मिटवायची, विड्या ओढत दुसऱ्याच्या शिष्यांना नावं ठेवायची. खरा मान मात्र शिष्य दाखवण्याचा. शिष्य नाचायला उभा राहिला की त्याच्या उस्तादाने पाठ फिरवून नदीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे डोळ्यांनी खुणा करता येत नाहीत. ढोलकी थांबण्याआधी जो वळला, त्याची जागा गेली. लागोपाठ तीन वर्षं शिष्य आणला नाही, तरीही गेली.

दोधूची दोन वर्षं कोरडी गेली होती. तिसरं साल नेमकं मानमोडीचं आलं. त्या तापाने घरंच्या घरं आडवी केली, सरणाला लाकडं पुरेनात. दोधूजवळ एकच तयार शिष्य उरला, तोही त्याचाच जावई मगन. राणीचं सोंग घ्यावं तर मगननेच. तापातून तो उठला होता, पण ओटा चढतानाही त्याला धाप लागायची.

"बा, औंदा ऱ्हाऊ दे," जमनाबाई म्हणाली. "त्याना दम पुरत नही अजून."

"औंदा ऱ्हायनं ते मन्ही जागा गयी."

मगन हसला नि त्याने घुंगरांची पिशवी उचलली. सासरा आणि उस्ताद यांची एकाच माणसात गाठ पडल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

सोंग असं की राजा रणात पडल्याची बातमी येते आणि राणी नाचता नाचता मूर्च्छा येऊन पडते. ते पडणं दोधूनेच बसवलेलं. आधी डावा गुडघा टेकायचा, मग उजवा पाय सावकाश दुमडायचा, म्हणजे घुंगरं विझत विझत गप्प होतात. त्या दुपारी बातमी यायच्या आधीच दोन्ही पायांतली घुंगरं एकदम खळकन वाजली आणि बंद पडली.

बैठकीत वाहवा उठली. मगनने काही नवंच काढलं असं समजून ढोलकीवाल्याने हात चढवला. घात झालाय हे एकट्या दोधूला कळलं, आणि तेही पाठमोऱ्या दोधूला. पण ढोलकी चालू होती. उठेल, आता उठेल, असं म्हणत तो नदीकडे बघत बसला. माणूस इतका कोडगा होऊ शकतो.

ढोलकी थांबली. बैठकीतले सगळ्यांत वडील उदेसिंग हळूच म्हणाले, "दोधू, आते फिर."

दोधू वळला तेव्हा लोक मगनच्या तोंडावर पाणी मारत होते आणि त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. बैठकीने दोधूची जागा कायम केली आणि मगनला घरी न्यायला बैलगाडी दिली.

जमनाबाईने एकदाच विचारलं, "घुंगरू थांबनं ते तुले आयकू नही उनं?"

"आयकू उनं," दोधू म्हणाला.

खोटं बोलला असता तर तिला थोडं सोपं गेलं असतं. जायला दुसरं घर नव्हतं म्हणून ती बापाकडेच राहिली. त्याचं जेवणखाण, धुणंपाणी तिने केलं, बोलणं मात्र कामापुरतं. आणि दोधू दर मार्गशीर्षात बैठकीला जातच राहिला. नवे शिष्य त्याने तयार केले, पण राणीचं सोंग पुन्हा कुणाला दिलं नाही.

पुढे तो पार थकला. एका बैठकीत दिलवरसिंग नावाच्या उस्तादाचा शिष्य नाचत होता. दिलवरसिंग रिवाजाप्रमाणे पाठमोरा. एकदम घुंगरं खळकन वाजून गप्प झाली, आणि म्हातारा दोधू काठी टाकून उठला.

"दिलवरसिंग, फिर! तुन्हा गडी पडना!"

दिलवरसिंग गर्रकन वळला. गडी नुसता घसरला होता. लुगड्याची धूळ झटकत तो ओशाळं हसत उभा होता. दिलवरसिंगची जागा गेली. दुसऱ्याच्या नाचात तोंड घातलं म्हणून दोधूचीही गेली. वाद न घालता तो घरी आला आणि उंबऱ्यात बसून त्याने सगळं लेकीला सांगितलं.

जमनाबाई चुलीत पऱ्हाट्या सारत होती.

"पोऱ्या चांगला शे ना?" तिने विचारलं.

"त्याले काय बी व्हयेल नव्हतं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. इतक्या वर्षांनी ती बापाच्या तोंडाकडे बघत बोलली.

"मंग बा, हाई तव्हय का नही करं?"