बांगड्या पाहून लिहिलेला अहवाल

यंदा नोव्हेंबर उजाडला तरी वच्छलाबाई माझ्याकडे आल्या नाहीत. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. "काकाजी, माय गेली..." त्याला आता सहा आठवडे झाले. केनवडच्या बाजूच्या आमच्या गावात त्यांच्याबद्दल एक खोटी गोष्ट अजून फिरते. ती माझ्यामुळे सुरू झाली, म्हणून मीच ती संपवतो.

त्यांचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. मी तेव्हा गावचा पटवारी. फौजीच्या विधवेने पुन्हा लग्न केलं नाही ना, याची चौकशी माझ्याकडे आली. मी गेलो तेव्हा त्या अंगणात धान्य पाखडत होत्या आणि हातात हिरव्या बांगड्या. आमच्या घरांत विधवेच्या हातात बांगडी मी कधी पाहिली नव्हती. सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. परत येऊन लिहिलं, पुनर्विवाह झालेला दिसतो.

पेन्शन बंद झाली. गावाने ठरवलं की बाईने गुपचूप पाट लावला आणि दिरानेच वर कळवलं. मी ऐकत राहिलो... त्या दोन वर्षं रस्त्याच्या कामावर गेल्या. मग सासूला घेऊन वाशिमच्या कचेरीत उभ्या राहिल्या. म्हातारी साहेबाला म्हणाली, "बांगड्या म्या भरल्या तिले. आमी धम्म घेतला, मंग ते जुनं कायले पाळावं?" पेन्शन पुन्हा सुरू झाली. गावातली गोष्ट मात्र थांबली नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात त्या माझ्याकडे येत. हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्विवाह न केल्याचाही दाखला लागे. तो मी लिहायचा, साक्षीदार म्हणून सहीही माझीच. लिहून होईपर्यंत त्या दोन्ही हात टेबलावर ठेवून बसत. मला वाटे, बाईंना लिहिता-वाचता येत नाही म्हणून येतात. पुढे बँकेने तो कागद मागणं सोडलं, तरी येणं चुकलं नाही. गेल्या वर्षी मी म्हणालो, बाई, आता हा लागत नाही.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा तो अहवाल सायबानं दाखवला व्हता. मले वाचता येते, पटवारी." माझा पेन थांबला. त्या हसल्या. "लिहा आता. अन् चहा सांगा."

मी लिहिलं. माफी मागायची राहिली.

त्या जिथे हात ठेवत, तिथलं टेबलाचं पॉलिश उडालं आहे. आज तिथेच कागद ठेवून लिहितो आहे. वच्छलाबाईंनी पुनर्विवाह केला नव्हता. दिराने काही कळवलं नव्हतं. तो अहवाल माझा होता आणि खोटा होता. साक्षीदार, मीच.